पेन खाली ठेवून

शालेय वक्तृत्व स्पर्धेतलं शेवटचं भाषण संपतं. गुणांच्या बेरजेसाठी कागद आतल्या खोलीत जातात आणि निकाल तयार होईपर्यंत परीक्षकांनी मनोगत व्यक्त करावं, अशी विनंती होते. हे मनोगत मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. सर्वच स्पर्धकांची तयारी उत्तम होती. क्रमांक काढताना आमचा कस लागला. काहींच्या भाषणात पाठांतर जाणवलं. आवाजात चढउतार हवेत, हातवारे नैसर्गिक हवेत, वेळेचं भान ठेवायला हवं. बक्षीस मिळालं नाही म्हणून खट्टू होऊ नका, भाग घेणं महत्त्वाचं. सतरंजीवर बसलेली मुलं टाळ्या वाजवतात आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहतात.

यातलं एकही वाक्य खोटं नसतं. पण यातलं एकही वाक्य त्या दिवशीच्या एखाद्या भाषणाबद्दल नसतं. आईला समोर बसवून, आरशापुढे उभं राहून, शाळेच्या वाटेवर पुटपुटत ज्या मुलीने पाच मिनिटांचं भाषण बसवलं, तिने घरी काय न्यायचं? 'चढउतार हवेत' एवढं ती घेऊन जाते आणि पुढच्या वर्षी एका वाक्याला आवाज चढवते, दुसऱ्याला उतरवते. कुठे चढवायचा आणि का चढवायचा, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायचं तर तिचं भाषण आठवावं लागतं.

बोलणाऱ्याला घडवण्याची आपल्याकडे जुनी आस्था आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. गावोगावच्या व्याख्यानमाला, गणेशोत्सवातल्या स्पर्धा, महाविद्यालयांचे वादविवाद करंडक, सगळीकडे वक्त्याची सोय आहे. ऐकणाऱ्याच्या तालमीचा विचार मात्र फारसा कुणी केला नाही. ऐकणं आपोआप येतं, कान असले की झालं, असं आपण धरून चालतो. मला वाटतं, मुलांचं बोलणं सुधारायचं असेल तर आधी परीक्षकाच्या खुर्चीतल्या माणसाचं ऐकणं सुधारायला हवं, आणि सुरुवात त्याच्या हातातल्या कागदापासून करायला हवी.

तो कागद सगळ्यांच्या ओळखीचा आहे. डावीकडे स्पर्धकाचा क्रमांक, वर रकाने: विषयाची मांडणी, भाषा व उच्चार, सादरीकरण, हावभाव, एकूण परिणाम. नवं मूल बोलायला उभं राहतं तेव्हा आधीच्या मुलाचे रकाने भरून व्हायचे असतात. परीक्षक मान खाली घालतात, गुण देतात, खोडतात, शेजारच्या परीक्षकांच्या कागदावर नजर टाकतात. मान वर होते तेव्हा पुढच्या भाषणाचं एक मिनिट संपून गेलेलं असतं. याला मी आळस म्हणणार नाही. एका बैठकीत तीस-चाळीस भाषणं, मधे चहा येतो तोही कागदाशेजारी. माणसाला तिथे बसवलेलंच असतं गुण द्यायला, आणि तो ते काम मनापासून करत असतो.

एका तालुक्याच्या गावी अशाच एका स्पर्धेला मी श्रोत्यांत बसले होते. विषय पाणी वाचवण्याचा होता. सातवीतली एक मुलगी उभी राहिली. 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' अशी सुरुवात झाली. भाषण कुणा मोठ्या माणसाने लिहून दिलेलं होतं हे कळत होतं. जलचक्र, पर्यावरणाचा समतोल, भावी पिढ्या असं सगळं त्यात होतं. मधेच ती अडखळली. पुढचं वाक्य आठवेना. दोन-तीन क्षण तशीच उभी राहिली आणि मग घरच्या बोलीत म्हणाली, की आमच्या वस्तीवर पान्याचा टँकर येतो तेव्हा घरात जो असंल तो हंडा घेऊन पळतो. माझ्या आजीला पळता येत नाही. म्हणून ती आदल्या रातीलाच जाऊन हंडा नंबराला ठेवून येते, आणि कुणी सरकवू नये म्हणून त्यात दगड घालून ठेवते.

सभागृह जागं झालं. मागे बसलेल्या बायका पुढे झुकल्या, एकजण 'अगं बाई' म्हणाली. मुलीने परीक्षकांच्या टेबलाकडे पाहिलं. दोघेही मान खाली घालून लिहीत होते. तिने पुन्हा एकदा पाहिलं. तेवढ्यात विसरलेलं वाक्य तिला आठवलं आणि ती भराभर भावी पिढ्यांकडे निघून गेली. सकाळी आजी हंड्यापाशी पोचली तेव्हा काय झालं, ते राहून गेलं.

तिच्या या माघारीचं कारण तिच्या तयारीत किंवा स्वभावात शोधणं सोपं आहे. मुलगी बुजरी आहे, सभाधीटपणा कमी आहे, असं म्हणून मोकळं होता येतं. पण कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केलेला, २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला दुसरीकडे बघायला लावतो. त्यात एकाने आपल्यावर बेतता बेतता टळलेला एखादा प्रसंग सांगायचा आणि समोरच्या अनोळखी माणसाने तो ऐकायचा, अशी योजना होती. काही ऐकणाऱ्यांना एक वेगळं काम दिलं होतं: बोलण्यात 'टी' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. ही माणसं पेंगत नव्हती. शब्द न् शब्द कान देऊन ऐकत होती. फक्त गोष्ट ऐकत नव्हती. त्यामुळे 'बाप रे' म्हणायच्या जागी त्यांच्या तोंडून काही निघेना, चेहऱ्यावर धास्ती उमटेना. आणि सांगणाऱ्यांच्या गोष्टी बिघडल्या. सगळ्यात जास्त बिघडल्या त्या शेवटी, जिथे गोष्ट रंगायची तिथे. कुणी एकदम आवरतं घेतलं, कुणी तोच शेवट फिरून फिरून सांगत बसलं, प्रसंग खरोखरच किती बाका होता हे पटवून देत राहिलं.

हा प्रयोग वाचल्यापासून मला परीक्षकांचा तो कागद वेगळा दिसू लागला. उच्चारांच्या रकान्यासाठी उच्चार ऐकायचे, हावभावांच्या रकान्यासाठी हात बघायचे, हे ते बटण दाबण्याचंच काम आहे. परीक्षक प्रामाणिकपणे मोजत असतो आणि त्याच्या मोजण्यानेच समोरचं मूल कोरडं पडत असतं. नंतर त्याच कोरडेपणाचे गुण कापले जातात.

आपल्या जुन्या लोकांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. दासबोधाच्या पहिल्या दशकात समर्थ गणेश, शारदा, सद्गुरू आणि संत यांचं स्तवन करतात आणि त्यापाठोपाठ पूर्ण एक समास श्रोत्यांच्या स्तवनाला देतात. अठराव्या दशकाचा शेवटचा समास तर श्रोत्याच्या अवलक्षणांवरच आहे. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात. अभंगाचं चरण कीर्तनकाराच्या तोंडून सुटलं की ते उचलतात, आणि त्यांचा आवाज पडला तर कीर्तनकारही पडतो, हे कुठल्याही सप्ताहात बसलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. शाहिराला झीलकरी लागतात. झोपताना गोष्ट सांगणाऱ्या आजीला अंधारातून 'हं' म्हणणारं कुणी लागतं. 'हं' बंद झाला की गोष्ट थांबते, कारण नात झोपलेली असते. आपण शाळेत वक्तृत्व आणलं तेव्हा या सगळ्यातला बोलणारा तेवढा उचलला आणि टाळकऱ्यांच्या जागी गुणपत्रक ठेवलं.

नीट ऐकणं कठीण असतं हे मला मान्य आहे. मिनेसोटा विद्यापीठातले राल्फ निकोल्स यांनी ऐकण्याचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं. लेनर्ड स्टीव्हन्स यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक १९५७ मध्ये आलं. कितीही लक्ष देऊन ऐकलं असं वाटलं, तरी ऐकून झाल्या झाल्या सरासरी माणसाला त्यातलं जेमतेम निम्मं आठवतं, असं त्यांना दिसलं. कारणही त्यांनी दिलं आहे. माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो आणि ऐकणाऱ्याचं मन त्याच्या कितीतरी पुढे धावू शकतं. मधला रिकामा वेळ मन कशात तरी घालवणारच. मोबाइल, घरचं दूध, पाचची एसटी. जाणत्या परीक्षकाचं मन तर याहून फसव्या जागी जातं: मी या विषयावर बोललो असतो तर कशी सुरुवात केली असती. समोरचं भाषण चालू असताना तो आपलं भाषण मनात रचू लागतो, आणि शेवटी मनोगतात आपण ऐकतो ते हेच भाषण. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत माइक हातात घेऊन दहा मिनिटं बोलणारे सद्गृहस्थ याच जातीचे. त्यांना प्रश्न नसतो. त्यांनी तासभर आपला क्रमांक कधी येतो याचीच वाट पाहिलेली असते.

तोच रिकामा वेळ बोलणाऱ्यासाठी वापरता येतो. ही मुलगी आता कुठे निघाली आहे? मघाशी म्हणाली त्याला हे धरून आहे का? हे वाक्य तिचं आहे की कुणी दिलेलं? एवढे प्रश्न मनात ठेवले तरी मन भटकायला जागा उरत नाही. आणि पेन खाली ठेवायचं. पाच मिनिटांच्या भाषणासाठी पाच मिनिटं मान वर. भाषण संपल्यावर मिनिटभर थांबून, गुण देण्याच्या आधी, मनात काय राहिलं ते दोन ओळींत टिपायचं: कुठे कान टवकारले, कुठे धागा सुटला. संयोजकांनी दोन भाषणांच्या मधे हे मिनिट द्यायला हवं. चाळीस स्पर्धकांना चाळीस मिनिटं लागतील. पाहुण्यांच्या सत्काराला तेवढी लागतातच.

आता सांगण्याबद्दल. ऐकलेलं सांगण्यातही माणसाचा हात जड होऊ शकतो. अवराम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या दोघांनी १९९६ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. 'तुमचं काम कसं झालं' हे माणसाला सांगितल्यावर त्याच्या पुढच्या कामात काय फरक पडतो, याच्या ६०७ नोंदी त्यांनी एकत्र केल्या. सरासरीने फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी सांगितल्यामुळे काम आधीपेक्षा खालावलं होतं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थबकले. सूचना देणं म्हणजे झाला तर फायदाच, नुकसान कसलं, अशीच आम्हा शिक्षकांची समजूत असते. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की सांगण्याचा रोख कामावरून सरकून माणसाच्या स्वतःवर जाऊ लागला की त्याचा उपयोग कमी होत जातो.

'तू घाबरतेस' हा रोख मुलीवर आहे. ती घरी जाऊन आपण घाबरट आहोत एवढंच घेऊन झोपेल. 'टँकरचं सांगून झाल्यावर तू एकदम वेगात गेलीस आणि आजीचं पुढे काय झालं ते मला कळलंच नाही, मला ते ऐकायचं होतं' हा रोख भाषणावर आहे. यात तिला करण्यासारखं काहीतरी आहे. शिवाय एक माणूस आपल्या आजीपर्यंत पोचला होता, ही बातमीही त्यात आहे. स्तुतीचंही तसंच. 'तू फार हुशार आहेस' हे ऐकून मूल फुलतं खरं, पण पुढच्या वेळी त्या हुशारीला धक्का लागेल अशा वाटेला जायला ते कचरतं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या वयाच्या मुलांवरचं जे काम प्रसिद्ध केलं, त्यात हुशारीची वाहवा झालेली मुलं एका अपयशानंतर अधिक खचलेली दिसली. मेहनतीची दखल घेतलेली मुलं त्या मानाने टिकून राहिली. हंड्यातल्या दगडाचं नाव घेऊन केलेली स्तुती मुलीला कळते. तो दगड पुढच्या भाषणातही शोधायचा, एवढं तिच्या लक्षात राहतं.

गोड, मग कडू, मग पुन्हा गोड अशी तीन पदरी सूचना द्यायची पद्धत हल्ली प्रशिक्षणांत शिकवतात. मला ती आवडत नाही. मुलं फार लवकर ओळखतात की गोड वाक्य हे पुढच्या 'पण'ची चाहूल आहे, आणि मग खरं कौतुकही त्यांना खोटं वाटू लागतं.

अध्यापक महाविद्यालयात शिकवताना एक चांगली रीत माझ्या हाती आली होती. बी.एड. केलेल्या प्रत्येकाला सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात हे तंत्र विकसित केलं आणि एन.सी.ई.आर.टी.ने त्याचं भारतीय रूप बसवलं. विद्यार्थी-शिक्षकाने ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं प्रत्याभरण घ्यायचं, १२ मिनिटं पुन्हा पाठाची आखणी करायची, ६ मिनिटं तोच भाग पुन्हा शिकवायचा आणि ६ मिनिटं पुन्हा प्रत्याभरण. एकूण ३६ मिनिटं. आणि एका वेळी एकच कौशल्य. फलकलेखनाचा पाठ असेल तर प्रश्न कसे विचारले याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, मग ते कितीही वाईट विचारलेले असोत. सुरुवातीला निरीक्षकांना हे जाचक वाटे. चार चुका दिसत असताना तीन गिळायच्या कशा? पण एकच गोष्ट सांगितलेली विद्यार्थिनी बारा मिनिटांनी ती सुधारून दाखवते आणि चार गोष्टी सांगितलेली विद्यार्थिनी चारही विसरून फळ्यापुढे उभी राहते, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गिळणं सोपं जातं.

या रीतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ती बारा मिनिटं आणि त्यापुढचा दुसरा पाठ. सूचना ऐकली आणि लगेच पुन्हा करून बघितलं. वक्तृत्व स्पर्धेत ही सोयच नाही. निकाल, प्रमाणपत्र, सामूहिक फोटो, वडापाव, एसटी. जे सांगितलं ते वापरून बघायला मुलाला पुढचं वर्ष उजाडावं लागतं, आणि तोवर विषय बदललेला असतो, कधी शाळाही. दुसरी संधी नसेल तर उत्तम सूचनाही वाया जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. बक्षीस समारंभ अर्ध्या तासाने पुढे ढकलून दोन-तीन मुलांना त्यांच्या भाषणाचं एकच मिनिट पुन्हा बोलायला उभं केलं तर सगळं सभागृह त्यातून शिकेल. बक्षीस मिळालेल्यांनाच उभं करावं असंही नाही.

टोस्टमास्टर्स मंडळांची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी वाय.एम.सी.ए.च्या तळघरात याचा पहिला मेळावा भरवला. आज मुंबई-पुण्यातही अशी मंडळं आहेत. तिथे ऐकण्याची कामं वाटून दिलेली असतात. एकजण फक्त वेळ बघतो, एकजण 'अं', 'म्हणजे' असे भरीचे शब्द मोजतो, एकजण भाषा बघतो. त्यामुळे ज्याच्यावर भाषणाबद्दल बोलायची जबाबदारी आहे त्याचे हात मोकळे राहतात. तो दोन-तीन मिनिटं उभा राहून त्याच वक्त्याच्या त्याच भाषणाबद्दल बोलतो. आणि सगळ्यांच्या शेवटी आणखी एकजण उठतो, तो या बोलणाऱ्यांनी कसं सांगितलं याबद्दल बोलतो. आपल्या स्पर्धांत परीक्षकाला कुणी काही सांगत नाही. परीक्षकाचा निर्णय अंतिम राहील, असं नियमपत्रिकेतच छापलेलं असतं.

त्या मुलीच्या 'पान्या'कडे मला परत यायचं आहे, कारण सूचनांमधली सगळ्यात जास्त दुखापत तिथे होते. लिहून दिलेल्या भागात ती 'पाणी' म्हणत होती, स्वतःचं बोलू लागली तेव्हा 'पानी' म्हणाली. निकालानंतर गुणपत्रकं टेबलावर पडलेली होती. तिच्या क्रमांकापुढे, उच्चारांच्या रकान्यात, खूण होती. म्हणजे त्या भाषणातलं जे एकमेव जिवंत वाक्य होतं, त्याची नोंद झाली ती चूक म्हणून. शिक्षिका म्हणून मला प्रमाणभाषेचं मोल माहीत आहे. परीक्षेत, मुलाखतीत, कचेरीत ती लागते आणि खेड्यातल्या मुलीला ती शिकवणं हे आमचं कर्तव्यच आहे. पण ते वर्गात, सावकाश, तिची बोली तिच्यापाशी राहू देऊन. व्यासपीठावर ती आजीबद्दल बोलत असताना ऐकणाऱ्याने स्वतःला एवढंच विचारावं: तिच्या उच्चारामुळे मला अर्थ कळायला अडचण आली का? आली नसेल तर ती खूण करू नये. वऱ्हाडातलं, खानदेशातलं, कोकणातलं मूल जेव्हा 'तुझे उच्चार शुद्ध नाहीत' हे ऐकतं, तेव्हा त्याला भाषणातली चूक कळत नाही. आपली आई चुकीचं बोलते, एवढंच कळतं. मग ते मूल पुढच्या वेळी घरचं काही सांगतच नाही. कुणीतरी लिहून दिलेलं, धुतलेलं, निर्दोष भाषण म्हणतं आणि कधीकधी बक्षीसही मिळवतं. आपण त्याला बोलायला शिकवलं असं समजतो.

ऐकणाऱ्याने आपण नीट ऐकलं की नाही याची खात्री कशी करावी? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वाद घालणाऱ्यांसाठी एक नियम सुचवला होता. आधीच्या माणसाने जे सांगितलं ते त्याचं समाधान होईल इतकं अचूक त्याला परत सांगायचं आणि मगच आपलं मत मांडायचं. करून बघा, पहिल्या दोन-चार वेळा जीभ अडते. बायको काय म्हणाली, मुलगा काय म्हणाला, शेजारच्या टेबलावरचा सहकारी काय म्हणाला, ते त्यांना पटेल असं परत सांगता येत नाही. आपल्याला आपलं उत्तर पाठ असतं, त्यांचा प्रश्न नसतो.

हा नियम शाळेत आणायला एक तयार जागा आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत रोज सकाळी परिपाठ होतो. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने सांगितलेली बोधकथा. ती सांगून होते, टाळ्या होतात, 'एक साथ विश्राम' होतं आणि रांगा वर्गात जातात. तिथे दोन मिनिटं वाढवावीत. आज जिने गोष्ट सांगितली तिला उद्या पुढे बोलवावं आणि रांगेतल्या कुणाही एकाला विचारावं, कालच्या गोष्टीतलं तुला काय आठवतं? त्याने ते मैदानाला सांगण्याऐवजी तिच्याकडे बघून सांगावं. मग बाईंनी तिला विचारावं, तुला हेच सांगायचं होतं का? ती 'हो' म्हणेल, किंवा 'नाही, माझा मुद्दा वेगळा होता' म्हणून तेवढा भाग पुन्हा सांगेल. गुण कुणालाच द्यायचे नाहीत. पहिले काही दिवस मुलांना काहीच आठवणार नाही. त्या दिवसांत बाईंनी स्वतः सांगावं, त्यांना काय आठवतं ते.